सवतीच्या नावाची पोर

म्हशाच्या जत्रेत पोर हरवली तेव्हा सरूच्या तोंडातून तिचं नाव निघेना. आईनं हरवलेल्या लेकीला नावानं हाक मारावी, यात काय मोठंसं? पण नाही निघालं. घोंगड्यांच्या दुकानांपासून बैलबाजारापर्यंत ती धावत सुटली, पदराचं भान नाही, पायात काटा गेला त्याचं भान नाही, आणि नुसतं "पोरी! ए पोरी गो!" एवढंच ओरडत राहिली. जत्रेत पोरींना काय तोटा! जिथं ओरडावं तिथं चारदोन पोरी वळून बघायच्या, कुणाच्या हातात पिपाणी, कुणाच्या तोंडात शेव, आणि त्यांच्यातली एकही तिची नसायची. एक बाई तर खेकसलीच, "नाव नाय का गो तुझ्या पोरीला? पोरी पोरी काय लावलंस?" सरूनं तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली ती तिथंच चिकटली. एवढ्यात मागून तिचा नवरा लखमा धापा टाकत आला. एका उभ्या बैलगाडीच्या चाकावर चढला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि त्यानं हाक घातली, "सावळीऽऽ! ए सावळीऽऽ!" सरूचा जीव भांड्यात पडायचा, तो उलटा घशाशी आला. ही हाक तिनं कधी ऐकली नव्हती. घरात तो पोरीला बोलवायचा ती हाक वेगळी, लाडाची, नाकातली. ही बांधावरून पल्याडच्या डोंगराला घातलेली होती, खूप जुनी, सवयीची. अशी हाक बाप लेकीला मारत नाही, हे सरूला तिथल्या तिथं कळलं आणि पोर सापडायच्या आधीच तिला रडू फुटलं.

पोर आली. पण एकटी आली नाही. एका म्हातारीचं बोट धरून आली. काळी, सुकलेली, काष्टा गुडघ्यावर ओढलेली म्हातारी, डोक्यावर शिकेकाईची पाटी, ती पाटी एका हातानं सावरत ती गर्दीतून जवळजवळ पळतच आली होती. लखमाला बघितलं आणि थबकली. लखमा गाडीच्या चाकावरून उतरला, त्यानं मान खाली घातली. ही भिमी, त्याच्या पहिल्या बायकोची आई. पहिली गेली तेव्हापासून या दोन घरांत येणं-जाणं उरलं नव्हतं. सरूनं तिला कधी बघितलेलं नव्हतं, पण ओळख सांगायची गरज पडली नाही.

"कोणाला हाक मारलीस रं?" म्हातारीनं विचारलं.

"पोरीला."

"हिचं नाव सावळी?"

"दाण्यात आलं," लखमा म्हणाला.

शहरातल्या माणसाला याचा अर्थ तासभर समजावून सांगावा लागला असता. भिमीला एक शब्द पुरला. तिनं पाटी खाली ठेवली आणि तिथंच, बैलांच्या शेणात, बसकण मारली. पोरीचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं, उजेडाकडं वळवलं, कानामागं बघितलं. पोर हसायला लागली. "आली का गो," म्हातारी पुटपुटली. "कवाची आलीस, आनी मला कोन सांगील!" मग तिनं वर बघितलं, सरूकडं नाही, लखमाकडं. "तवा धाडली नाय तुमी. शिमग्याला धाडा, दिवाळीला धाडा, किती येळा मानूस पाठवला. मेली ती बी तुमच्या दारात. नदीला पूर, म्हनून तोंड बी नाय दिसलं. आता शिमग्याला धाडा तिला. पोर माहेराला येऊ दे माझी."

"धाडतो," लखमा म्हणाला. सरूला त्यानं विचारलं नाही. तिच्याकडं बघितलंही नाही.

वाशिंदला परत आल्यावर सरूनं नवं घोंगडं उलगडलं, झटकलं आणि नेहमीसारखं त्याचं एक टोक आधी गळ्यातल्या टाकाला लावलं. रेल्वेच्या गँगमध्ये लखमा लागल्यापासून ती दोघं रुळाच्या कडेच्या एका खोलीत राहायची, पाण्याचा नळ सगळ्या चाळीला एक, आणि शेजारपाजार चारी मुलखांचा. त्यातल्या निम्म्या बायकांना हा टाक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती, नाक-डोळे नावालाच. लखमाशी लग्न लागायच्या आधी सासूनं तो सरूच्या गळ्यात बांधला होता. "ही तुझी सवत," सासू म्हणाली होती, जशी काही जित्या बाईची ओळख करून द्यावी. "नवं लुगडं आधी तिला, मग तुला. नवी बांगडी आधी तिला. आनी तिचं नाव तोंडात धरायचं नाय, निवदाच्या येळी सोडून. उगा नाव घेशील तर ती ओ देऊन उठंल." सरू तेव्हा लहानच होती. तिला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. नव्या घरात आपल्या बाजूचं कुणीतरी गळ्याशी आहे, असं उगीच वाटायचं. चुलीशी बसून ती टाकाशी बोलायचीसुद्धा. सासू कुठल्या बोलण्यानं चिडते, डोंगरातली वाट कुठून सोपी, नवऱ्याला भाकर जाड आवडते का पातळ, हे सगळं तिला टाकाकडूनच कळलं असं ती एकदा हसत म्हणाली, तेव्हा लखमा जेवता जेवता उठून गेला होता. तेव्हा तिला पहिल्यांदा समजलं, की ही बाई आपल्या बाजूची नाही. ही त्याच्या बाजूची आहे.

मग आणे जाऊन नवे पैसे आले त्या साली पोर झाली. लखमाच्या गावी, मुरबाडच्या अंगाला, सासूच्या घरात. झाली ती रडतच, आणि रडायची थांबेना. दूध घेईना, पाणी घेईना, मुठी वळून, तोंड निळं करून रडायची. गावात अशा पोराचं कारण ठरलेलं असतं. कुणीतरी मागलं माणूस परत आलेलं असतं आणि आपलं नाव मागत असतं. ते नाव द्या, पोर निवतं. लहानी नावाची सुईण आली, परातीत पाणी घेतलं, तांदळाचे दोन दाणे त्यावर लांब लांब सोडले आणि एकेक नाव घ्यायला लागली. दाणे एकमेकांना लागले की ते नाव खरं. आज्याची आई झाली, आत्या झाली, बाळंतपणात गेलेली चुलती झाली, सापानं नेलेली एक लांबची बहीण झाली. दाणे आपले जागेवर. पोर रडतंच. सरू भिंतीला टेकून पडली होती, अंगात ताप, आणि मनातल्या मनात एकच धावा चाललेला, तिचं नको, तिचं नको. का नको, हे तिनं मनाशीसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. लहानी दमली. सासूकडं बघितलं. सासूनं हलकेच मान हलवली. आणि लहानी म्हणाली, "सावळी?"

त्या क्षणी नक्की काय झालं ते सरूनं आजवर किती वेळा उलटंपालटं करून बघितलं असेल! नाव कानावर पडलं तशी ती दचकली आणि पुढ्यातली पोर तिनं झडप घालून छातीशी ओढली. ओढताना तिचा गुडघा परातीला लागला का? लागला असेल. पाणी हिंदकळलं का? हिंदकळलं असेल. दाणे मात्र एकमेकांना लागले, आणि पोरीच्या तोंडात त्याच वेळी, त्या दचकण्यानंच की काय, पहिल्यांदा दूध उतरलं. पोर गप्प झाली. पचापचा प्यायला लागली. सासू रडायला लागली, लहानी हात जोडून बसली, दाराबाहेर लखमा उभा होता तो मटकन खाली बसला. "आली," सासू म्हणाली, "कोपली नाय गो ती. घरातच आली." सगळं घर सुखावलं. आणि सरूच्या कुशीत, तिच्याच रक्ताची, तिच्याच दुधाची पोर तिच्या सवतीचं नाव घेऊन झोपी गेली.

सासूला ती म्हणाली होती, "मी काय म्हणू हिला?" सासूनं बराच वेळ विचार केला. नेम मोडायचा कसा? "तू आपलं पोरी म्हण," सासू म्हणाली. आता सासू नाही, पण नेम आहे.

चाळीतल्या बायकांना वेगळंच नवल. पोर निघाली सरूच्या माहेरच्या वळणावर, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. "एवढी गोरीपान पोर आणि नाव सावळी? असलं कसलं नाव ठेवलंत हो?" नळावर विचारायच्या. शाळेतल्या बाईंनी तर नाव ऐकून पोरीची हनुवटी धरून हसून घेतलं म्हणे. सरू सांगायची, दृष्ट लागू नये म्हणून. ते सगळ्यांना पटायचं. खोटं इतकं सोपं, आणि खरं सांगायला गेलं तर तोंडच उघडत नाही! खरं असं होतं, की संध्याकाळी लखमा रुळावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, "सावळे, पाणी आण गो." रोज. आणि रोज, पोर तांब्या घेऊन धावायच्या आत, सरू हातातलं काम टाकून त्याच्याकडं बघायची. तो कुणाकडं पाणी मागतो? त्याचं तोंड असं का उजळतं? बाप लेकीवर जीव टाकतो यात वाईट ते काय, असं ती स्वतःला बजावायची. मग तो पोरीला मांडीवर घेऊन तिच्या केसांतून हात फिरवायचा आणि सरू मोरीत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

याहून वाईट गोष्ट दुसरीच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. सरू स्वतःच पोरीत तिला शोधायला लागली होती. पोर मिठाचा खडा चाटायची. सासू एकदा बोलून गेली होती, "ती बी अशीच मीठ चाटायची." झालं. तेव्हापासून सरू मिठाचं मडकं उंचावर ठेवायला लागली. पोर डाव्या कुशीवर झोपली तर हिला वाटायचं, ती अशीच झोपायची का? कुणाला विचारणार? पोरीची वेणी घालताना तिचे हात मध्येच थांबायचे. कधी पोर मागून येऊन गळ्यात पडायची, तिच्या हाताला टाक टोचायचा आणि सरू तिला नकळत दूर सारायची. सारल्यावर जीव तुटायचा. मग भाकरीवर जास्तीचं तेल-तिखट, नाहीतर गुळाचा खडा. पोरीला कळत नसेल असं थोडंच आहे! एकदा सर्वपित्रीला सरूनं पान वाढलं, टाक गळ्यातून न काढताच हातात धरला आणि वर्षातून एकदा घ्यायचं ते नाव घेतलं, "सावळे, जेव गो बाई. काय चुकलं माकलं तर पोटात घाल." पोर दारात उभी होती. तिनं नाव ऐकलं आणि आनंदानं पुढं आली, पानावर बसायला. "तुला नाय!" सरू ओरडली. "तिला." आणि टाक दाखवला. पोर त्या टाकाकडं बघत राहिली. त्यानंतर तिनं आपण होऊन कधी आईच्या गळ्याला मिठी मारली नाही, हे सरूच्या ध्यानात फार उशिरा आलं.

शिमगा जवळ आला तसं सरूला सुचेनासं झालं. म्हातारी विसरेल, नदीनाले ओलांडून कोण येतंय, असं ती मनाला समजावत होती. पण भिमीचा मुलगा राघो आला, खांद्यावर नवा टॉवेल, हातात सुकटीची पुडी. दारातच पोरीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "चल गो बाय, आयस वाट बघते." बाय! हा एवढा मोठा बाप्या तिच्या सात वर्षांच्या पोरीला बाय म्हणत होता, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि आपल्या आईला तिची आयस. आणि पोर खुशीत होती. आधीच कपड्याचं गाठोडं बांधून बसली होती.

"मी नाय धाडत," सरू आत जाऊन लखमाला म्हणाली.

"वचन दिलंय म्हातारीला."

"तुमी दिलंय. पोर माझी हाय."

"मग कोण नाय म्हणतं?"

"तुमीच म्हणता!" तिचा आवाज चढला. बाहेर राघोनं ऐकलं असेल, ऐकू दे. "रोज म्हणता. हाक मारता ना तिला, तवा कोण दिसतं तुमाला? खरं सांगा. माझी पोर दिसते का ती दिसते?"

लखमा खोटं बोलला असता तर सरूनं ते घेतलं असतं. तिला तेवढंच हवं होतं. पण तो सरळ माणूस. त्यानं खिळ्याला टांगलेला आपला निळा सदरा उतरवला आणि म्हणाला, "दोगी दिसतात." मग तो बाहेर गेला आणि त्यानं पोरीचं गाठोडं राघोच्या हाती दिलं.

खोली रिकामी झाली. सरूला वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. नळावर गेली, पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या. एक भाकर जास्तीची झाली ती तशीच राहिली. तिला सारखं एकच चित्र दिसायचं. सिद्धगडाच्या पायथ्याची ती वाडी, तिनं कधी न बघितलेली, आणि तिथं कुडाच्या भिंतीशी बसून म्हातारी तिच्या पोरीला शिकवते आहे, तू कोण ते. पोर शहाणी. सांगितलेलं चट उचलते. इथं तिला पोरी म्हणतात, तिथं नावानं बोलवतात. इथं आई मिठी सोडवते, तिथं म्हातारी तोंड कुरवाळते. मग तिनं कुठं राहावं? मी पोर असते तर कुठं राहिले असते? याचं उत्तर इतकं उघड होतं, की धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लखमा कामावर गेल्याबरोबर सरूनं खोलीला कडी घातली, शेजारणीला सांगितलं आणि कल्याणला जाऊन मुरबाडची एस्टी धरली. एकटीनं एवढा प्रवास तिनं कधी केला नव्हता. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाई, बरं वाटतंय ना?

मुरबाडपासून पुढं जमेल तिथपर्यंत एका लाकडाच्या ट्रकमधून आणि मग पायी. पळस फुलले होते, रान वाळून कडकडीत. गड समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता. चालता चालता टाक छातीवर आपटत होता आणि सरूच्या डोक्यात नको ते येत होतं. ही याच वाटेनं आली असेल, नवी नवरी होऊन. आणि याच वाटेनं परत जायला मिळावं म्हणून झुरली असेल. लावणीच्या चिखलात ताप अंगावर काढला तिनं, सासू म्हणायची, बोलली नाय कधी, नुसती गडाकडं बघत बसायची. तिला कुणी धाडलं नाही, आणि मी तिचं लुगडं नेसले, तिच्या चुलीवर रांधलं, तिच्या नवऱ्याची पोर जन्माला घातली. आणि आता तिच्या आईच्या दारात चालले आहे, पोर हिसकावून आणायला. सरूला स्वतःची लाज वाटली. पण पाय काही थांबले नाहीत. लाज वाटली तरी पोर पाहिजे होती.

वाडीत दुपारची सामसूम होती. उंबराखाली भिमी बसली होती आणि तिच्या पुढ्यात पोर, पाठमोरी. म्हातारी तिचे केस विंचरत होती. पोरीच्या पायांत चांदीचे जुने तोडे होते, मोठे, घोट्यावरून घसरणारे. सरू कुडाच्या कडेला थांबली. तिला ऐकायचं नव्हतं आणि ऐकल्याशिवाय राहवेना.

"ह्याच उंबरावरनं पडलीस तू," म्हातारी सांगत होती. "मी नदीवर गेलती."

"हां," पोर म्हणाली. "गुडघा फुटलेला."

"रडली बी नाय माझी बाय."

"आयस ओरडंल म्हणून नाय रडली," पोर म्हणाली, आणि म्हातारी हातातली फणी टाकून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

सरूनं कुड घट्ट धरला. काल-परवा म्हातारीनंच सांगितलं असेल, तेच पोर बोलते आहे. हो, तसंच असेल. पण पोरीचा आवाज? इतका सैल, इतका घरच्यासारखा आवाज तिनं वाशिंदच्या खोलीत कधी काढला होता? सरूला वाटलं, आता क्षणभर जरी थांबले तर ती वळेल आणि मला ओळखणारच नाही. म्हणेल, ही कोण बाई? तिला सासूचा नेम आठवला, ती ओ देऊन उठंल हे आठवलं, आणि तरी तिनं तोंड उघडलं. जत्रेत जे निघालं नव्हतं ते घशातून ओरखडत बाहेर आलं. "सावळी!"

म्हातारीनं दचकून वर बघितलं. पोरीनं बघितलं नाही. ती आपली पायातल्या तोड्यांशी खेळत राहिली.

"सावळे! ए सावळे गो!"

पोर ढिम्म. दोन पावलांवर आई उभी, नावानं हाका मारते आहे, आणि पोर मान वळवत नाही. "अगो, हाक मारते ना तुला," म्हातारी म्हणाली. "बघ तरी, कोण आली."

"मला नाय," पोर म्हणाली. तिनं आता सरूकडं बघितलं, शांतपणे, ओळखीनं, राग नाही की काही नाही. "आई मला पोरी म्हणते. ती तिला हाक मारते." आणि तिनं बोट केलं, सरूच्या गळ्याकडं.

सरू तिथंच खाली बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सवतीनं पोर नेली. सवतीनं काय केलं होतं? नाव तर दोघींना एकच होतं, आणि त्यातलं पोरीच्या वाटणीचं तिनंच कधी पोरीला दिलं नव्हतं. वर्षाचं एकदा घ्यायची तेसुद्धा मेलेलीला वाढून, आणि पोर पानावर आली तर हाकलून. हे इतकं स्वच्छ होतं आणि सात वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं. सरू हुंदके देऊन रडायला लागली. भिमी उठून जवळ आली, पाण्याचा गडू पुढं केला. सरूनं तो बाजूला ठेवला, दोन्ही हात मानेमागं नेले आणि टाकाची गाठ सोडायला लागली. दोरा घामानं आवळला होता, सुटेना. तिनं तो पुढं ओढून दातांनी तोडला.

"काय करतेस गो!" म्हातारी ओरडली. "उतरवू नको. कोपंल ती!"

"कोपू दे," सरू म्हणाली. टाक तिनं म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं वरून मिटवली. "घ्या. आणली मी तिला. तवा धाडली नाय, आज आणली. ही तुमची सावळी. आता माहेरी हाय ती, कोपली तर तुमी समजवा. आईचं ऐकंल." तिनं पोरीकडं हात केला. "माझी मला द्या."

भिमी उजेडाकडं वळली. मूठ तिनं उघडून बघितली, पत्र्यावरचं ते नावालाच नाक-डोळे असलेलं तोंड अंगठ्यानं पुसलं, पुन्हा पुसलं. मग मूठ कमरेशी धरून ती उंबराखाली जाऊन बसली, पाठ करून. पोर उभी राहिली होती. तिनं वाकून तोडे एकेक करून काढले आणि म्हातारीच्या शेजारी ठेवले. म्हातारीनं तिच्याकडं मान वळवली नाही. मुठीतल्या टाकाशीच ती हलक्या आवाजात काहीतरी बोलायला लागली होती.

"सावळी," सरू म्हणाली.

पोरीनं आईच्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं. "मला?"

"तुला गो."

"मग ओ," पोर म्हणाली.

परतीच्या वाटेवर पोर पुढं चालली होती, सरू मागून. ऊन कललं होतं. गळा हलका लागत होता, इतका हलका की सरूचा हात सारखा तिथं जायचा आणि काही न सापडून परत यायचा. आता पाठीशी कोण आहे आणि कोण नाही, कोपेल का, लखमाला काय सांगायचं, पोरीला रात्री ताप भरला तर कुणाला काय म्हणायचं, हे सगळं तिच्याबरोबर चालत होतं. वाळका पाला कुठं सळसळला तरी ती थांबायची. पुढच्या वळणाला पोर पळसाआड गेली, दिसेनाशी झाली, आणि सरूनं हाक घातली.

"सावळी!"

"ओ."

पोर दिसली. थोडं पुढं गेली, पुन्हा झाडाआड झाली.

"सावळीऽ!"

"ओ."

"सावळे गो!"

पोर वळून वाटेतच उभी राहिली. कपाळावर आठी, हातात पळसाचं फूल. "किती हाका मारतेस," ती म्हणाली. "हाय ना मी हितंच."

सरू मान हलवून हो म्हणाली. चार पावलं चालली. मग तिनं पुन्हा हाक मारली.